झाऱ्याचा तिसरा ठोका

४ सप्टेंबर, गुरुवार

आज ओकतेप्याला येऊन पोचलो. ट्रकवरून उतरलो तेव्हा अंगावर इतकी धूळ होती की चहाखान्याशेजारचा न्हावी दुकानातूनच ओरडला, आका, तुमची दाढी करायची की आधी लिंपण खरवडायचं? पहिल्याच वाक्यात मला आका, थोरला भाऊ, करून टाकलं. नाव जोरा. वय चाळिशीचं, पोट पन्नाशीचं, तोंडाला कुलूप नाही. असा शेजारी मिळाला की नव्या गावात निम्मं काम झालं.

मी घेतलेला चहाखाना मनाजोगता आहे. जुन्या एल्मच्या झाडांखाली बसायचे आठ लाकडी तख्त, त्यांच्या खालून पाटाचं पाणी, मागे दोन खोल्या, अंगणाला भिंत आणि लोखंडी कडीचं दार. आणि चूल! तिच्यात बसवलेली कढई बघितली आणि मी टोपी काढली. पंचवीस किलो तांदूळ एका वेळी. जाड बिडाची, दोन्ही बाजूंना मनगटाएवढे कान. नऊ वर्षं कुणी हात लावला नव्हता. गंज घासून काढायला दोन दिवस जातील, जाऊ देत. मी दुसऱ्यांच्या लग्नांत गाजरं चिरून मोठा झालो, आज स्वतःच्या चुलीपुढे उभा आहे.

होसियत महिनाअखेरीला येईल, अठ्ठावीसच्या रविवारी, गोधड्या आणि भांडीकुंडी घेऊन. निघताना बजावलंय तिनं: या वयात महिनाभर एकटे राहताय, राहा. पण येऊ नकोस म्हणून तार आली, तर मी समजेन की कुणी ठेवलीय, आणि मिळेल त्या पहिल्या बसनं येईन. आमच्या मर्गिलानच्या बायका नवऱ्याला असाच निरोप देतात. ही वहीसुद्धा तिनंच दिली. तुम्ही कुणाच्या पोटात काय गेलं ते लक्षात ठेवता, म्हणाली, तुमच्या मनात काय आलं ते लिहा.

६ सप्टेंबर, शनिवार

कढई घासली. बोटांची सालं निघाली, पण आत तोंड दिसतं.

होसियतच्या वहीत माझ्या धंद्याचं गुपित लिहून ठेवतो. माणूस किती खाणार हे त्याच्या पोटावरून कळत नाही. भुकेवरूनही कळत नाही. मी काय करतो, लोक गप्पांत रंगले की झारा कढईच्या काठावर तीनदा आपटतो. टण, टण, टण. झाऱ्याला चिकटलेला भात तेवढ्यात झडतो, पण कान माझे तख्तांकडे असतात. ठोका पडल्यावरही जो आपलं वाक्य पूर्ण करतो, तो एक ताट खातो आणि घरी जातो. ज्याचं वाक्य अर्ध्यावर तुटतं, मान चुलीकडे वळते, तो घरून जेवून आलेला असला तरी दोन ताटं खातो, आणि वर कुरकुरीत चरबी आहे का विचारतो. वर्षानुवर्षं पाहतोय, कधी चुकलेलो नाही. भूक पोटात नसते. ती कानात असते, नाकात असते, डोळ्यांत असते. तिला तिथून हाक मारायची.

एक गोष्ट मात्र कानाला खटकली. तीन दिवस झाले, या गावात झाऱ्याचा एक ठोका ऐकला नाही. काल मागच्या गल्लीत लग्न होतं. आचारी झारा फडक्यानं पुसत होता, नवरीचं नाक पुसावं तसा! मी जोराला म्हटलं, इथले आचारी कढईला घाबरतात की काय. जोरा एरवी तासभर बोलला असता. तो म्हणाला की यंदा खरबुजं गोड नाहीत.

९ सप्टेंबर, मंगळवार

अजून नुसता चहा देतोय. शुक्रवारी एकोणीस तारखेला पहिली कढई चढवून सगळ्या मोहल्ल्याला जेवू घालायचं ठरवलंय.

आज एक अजब गिऱ्हाईक पाहिलं. हायितबाय, सगळ्यांचे ओता, म्हणजे बाबा. ईदच्या दिवशी जन्मले म्हणून हायितबाय हे नाव. पंचाहत्तरीच्या आसपासचे, मोहल्ल्यातले सगळ्यांत वडील, काटकुळे, जणू वाळलेली द्राक्षवेल. मुलगी सानोबर हात धरून आणते. बिनलग्नाची, पंचेचाळिशीची, डोळे सतत बापावर. ओता शेवटच्या तख्तावर चुलीकडे पाठ करून बसतात. दोन्ही कानांत कापूस, नाकाखाली कापूर चोळलेला. कोरा हिरवा चहा पितात, खिशातून स्वतःची वाळकी नान काढून भिजवून खातात. त्यांच्या आणि चुलीच्या मध्ये कुणी ना कुणी बसलेलं असतंच. मला वाटलं, वडीलधाऱ्यांचा मान.

दुपारी कढई तावायला म्हणून दुंब्याची, जाड शेपटीच्या मेंढ्याची, चरबी टाकली. रस्त्यावरची एकूणएक मान वळली. सायकलवाला पाटात पडता पडता राहिला. ओता जोराला जुन्या कालव्याची गोष्ट सांगत होते, ती त्यांनी शेवटपर्यंत सांगितली. मान हलली नाही.

खरं सांगतो, मला ते लागलं. इतक्या वर्षांत असा माणूस नाही भेटला.

१३ सप्टेंबर, शनिवार

रोज काही ना काही करून पाहतोय. परवा कांदा लाल केला. काल जिरं तव्यावर टाकून पंख्यानं धूर त्यांच्याकडे वळवला. आज गरम चरबीचे तुकडे, वर मीठ आणि कांदा, मी स्वतः नेऊन शेजारच्या तख्तावर ठेवले. तिघांनी हात घातला. ओतांनी डोळे मिटून घेतले आणि आपलं बोलणं चालू ठेवलं. आवाज मात्र जरा मोठा झाला.

सानोबर मागे चुलीपाशी आली. शांतपणे म्हणाली, तुर्दीआका, अब्बा बाहेरचं खात नाहीत. तुम्ही विचारलं नाहीत तर आभार मानेन. मी हसून म्हटलं, ताई, आचाऱ्याचा जीव आहे, दुखतो. ती हसली नाही. काहीतरी सांगणार होती, तेवढ्यात तख्तावरचे सगळे तिच्याकडे बघायला लागले आणि ती गेली.

जोराला खोदून विचारलं. ओतांचं पोट नाजूक आहे, म्हणाला. मग वस्तरा दगडावर घासत बसला. परक्या माणसासमोर आपल्या माणसाची उणीव जिभेवर आणायची नाही, ही रीत आमच्या मर्गिलानातही आहेच. मी जास्त ताणलं नाही. पण शुक्रवारी बघू म्हटलं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

तांदूळ निवडून झाला. गाजरं, लसूण, दोन दुंबे.

कापसाचा हंगाम सुरू झालाय. बायका पहाटे ट्रकनं शेतावर जातात, पुरुष पुढच्या आठवड्यात. सानोबरही गेली होती. तीच वेळ साधून मी ओतांच्या घरी आमंत्रण द्यायला गेलो. पहिला घास मोहल्ल्यातल्या सगळ्यांत वडील माणसाला आचाऱ्यानं स्वतःच्या हातानं भरवायचा, ही आमची जुनी चाल. हा मान दुसऱ्याला कसा द्यायचा? ओतांनी एका कानातला कापूस काढून ऐकलं. अंगणातल्या तुतीच्या झाडाकडे बघितलं. मग म्हणाले, सानोबरला विचारतो. मी म्हटलं, ओता, मोहल्ल्याच्या वडिलानं लेकीला विचारायचं? म्हाताऱ्याचे कान लाल झाले. येतो म्हणाले.

मी फार हुशार, असं मला वाटत होतं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार. संध्याकाळ

बोटांना फडकं बांधलंय. पण सगळं लिहितो.

दुपारी साठ-सत्तर माणसं. पुलाव असा उतरला होता की दाणा दाण्याला चिकटला नव्हता. ओता मानाच्या जागी, म्हणजे चुलीच्या तोंडाशी. मीच बसवलं. इतर पुरुष कुजबुजत होते. जोरा म्हणाला, आका, त्यांना मागे बसू दे, धूर लागेल. मी म्हटलं, तुला हेवा वाटतोय.

ओतांनी हात वर करून दुआ सुरू केली. सगळ्यांचे हात वर. मला कळत होतं की आत्ता नाही, आत्ता नाही. पण झारा हातात होता, भातानं भरलेला. इतक्या वर्षांची सवय. आणि खोटं कशाला लिहू, नुसती सवय नव्हती.

टण. ओतांचा आवाज अडखळला. टण. तिसऱ्या ठोक्याला दुआ अर्ध्या शब्दावर तुटली आणि मान वळली.

मला आनंद झाला. देवा, मला आनंद झाला!

मी तीन बोटांनी घास वळला, वर चरबीचा तुकडा ठेवला आणि त्यांच्या तोंडापाशी नेला. त्यांनी ओठ घट्ट मिटले. डोळ्यांत पाणी आलं. ते एकेका माणसाकडे बघत गेले, आणि एकेक माणूस आपल्या पेल्यात बघायला लागला. भरवलेला घास नाकारता येत नाही. नाकारणं म्हणजे अन्नाला आणि हाताला शिवी. मी गमतीत म्हटलं, विष नाही ओता, पुलाव आहे. कुणी हसलं नाही.

त्यांनी तोंड उघडलं. घासाबरोबर माझी दोन बोटं आत गेली, आणि दात मिटले. रक्त आलं. मी बोटं ओढून काढली.

त्यानंतर त्यांनी अकरा ताटं खाल्ली. चावत नव्हते. दोन्ही हातांनी कोंबत होते. सहाव्या ताटानंतर ओकले, आणि जे पडलं तेही उचलून खाल्लं. पुरुष एकेक करून उठले, जोडे घातले, निघून गेले. कुणी मला शिवीसुद्धा दिली नाही. सानोबर शेतावरून धावत आली, कापसाची झोळी कमरेलाच होती. तिनं त्यांना मागून ओढलं. त्यांनी तिच्या दंडाचा लचका तोडला. तो गिळला. मी बघितलं, गिळला. मग तिनं चुलीतलं लाकूड उचलून बापाच्या डोक्यात घातलं, एकदा, दोनदा. ते आडवे झाले. जबडा चालूच होता.

२० सप्टेंबर, शनिवार

एकही गिऱ्हाईक नाही.

सकाळी चुलीकडून खरखर ऐकू आली म्हणून गेलो. ओता कढईत उतरून बसले होते. डोक्यावर वाळलेलं रक्त. काल मी घासायला विसरलेला थर ते दातांनी खरवडत होते. दात तुटत होते, मला ऐकू येत होतं, एकेक. तुटलेले दातही त्यांनी थुंकले नाहीत.

मोहल्ल्यातल्या चौघांनी दोर टाकून नेलं. त्यांच्यातल्या एकाचा अंगठा गेला.

दुपारी जोराच्या अंगणातला बोकड मेला. जोरा म्हणाला मेला. मानेला काय झालं होतं ते सांगितलं नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

सानोबर आली होती. दंडाला फडकं. बापाला तुतीच्या बुंध्याला साखळीनं बांधलंय म्हणाली. मी चहा दिला, तिनं तो हातात नुसता धरून ठेवला. मग सांगितलं, खालच्या आवाजात, कापसाचा भाव सांगावा तसं.

उपासमारीच्या हिवाळ्यात तिची आजी रोज दुपारी रिकाम्या कढईवर झारा आपटायची. तीनदा. मुलांना वाटावं की आता होतंय, आता मिळेल, आणि ती गप्प पडून राहावीत. तीन मुलं होती. एक दिवस कढईत खरोखरच काहीतरी होतं. आईनं स्वतःच्या हातानं घास भरवले. जेवायला दोनच मुलं होती.

ओता तेव्हा दहा वर्षांचे. मोठा भाऊ बारा. दोघांनाही आधी वाटलं की धाकटी झोपलीय.

तेव्हापासून ठोका ऐकला की त्यांना थांबता येत नाही. भावानं स्वतःला आवरलं नाही, त्याच्या लग्नाच्या वर्षी मोहल्ल्यानं त्याला कुदळींनी संपवून पुरलं. हायितबायनं मात्र आवरलं. कापूस, कापूर, वाळकी नान, चुलीकडे पाठ. जिच्यावर जीव आहे तिच्याबरोबर एका घरात झोपायचं नाही, म्हणून सानोबरची आई मरेपर्यंत माहेरी राहिली, आणि सानोबर अजून वेगळ्या घरात झोपते. सगळ्या मोहल्ल्यानं झारे पुसायला सुरुवात केली. साठ वर्षं निभावलं, ती म्हणाली. साठ वर्षं, आका.

मी तिच्या पाया पडणार होतो. तिनं हात धरला, आणि माझी बोटं उलटून बघितली. जखम भरली नाही. दुखतही नाही.

ज्याला दात लागतात त्याला ऐकू यायला लागतं, म्हणाली. आधी माझ्या हाताकडे बघितलं, मग स्वतःच्या दंडाकडे. मग विचारलं, तुमची बायको कधी येणार? मी म्हटलं, रविवारी. ती म्हणाली, येऊ देऊ नका.

निघताना डोक्याच्या रुमालाच्या गाठीतून थोडा कापूर काढून दिला.

२३ सप्टेंबर, मंगळवार

आचारी कधी पोटभर जेवत नाही. वासानंच पोट भरतं. आयुष्यभर असंच.

आज सकाळी उठलो ते अंगणात. पुढ्यात दुंब्याच्या चरबीचा डबा, रिकामा. कच्ची. किती होती ते मला माहीत आहे, लिहीत नाही.

ऐकू येतंय. तीन घरांपलीकडे पोळी भाजतायत, फुगताना हवा सुटते ती ऐकू येते. रस्त्यानं बाई गेली, तिच्या गुडघ्यात वंगणासारखं काहीतरी हलतं. मंद आचेवरची कढई जशी खालून एकेक बुडबुडा सोडते, तशी माणसाची छाती आवाज करते. मला आधी कसं ऐकू आलं नाही?

एक खूण ठरवली आहे. माझीच जुनी खूण. जोवर ठोका ऐकूनही मी वाक्य पूर्ण करतो, तोवर मी माणूस आहे. वही जवळ ठेवायची. काही ऐकू आलं की लिहायचं, आणि पूर्णविराम द्यायचा.

हा दिला.

२४ सप्टेंबर, बुधवार

सकाळी जोरा किंचाळला. मी ओतांच्या अंगणात धावलो.

साखळी तुटली नव्हती. तुतीचा बुंधा सालीसकट कुरतडला होता, बोटाएवढा उरला होता, तो मोडला. सानोबर अंगणात उताणी. ओता तिच्याशेजारी मांडी घालून जेवत होते. आता कोंबत नव्हते. तीन बोटांनी, नीट वळून, एकेक घास. आमच्याकडे बघून त्यांनी एक घास पुढे केला. भरवायला.

आठ माणसं, आठ कुदळी. कुणी हलेना. पहिला घाव मी घातला. मीच घालायला हवा होता. खांद्यात गेला, हाडापर्यंत. ते उठले, दुसऱ्याच्या नडग्यांना धरलं, मग सगळेच तुटून पडले. किती घाव ते सांगता येणार नाही. डोकं वेगळं झालं तरी जबडा थोडा वेळ — थोडा वेळ चालू होता. ते तंदूरच्या तोंडावर पडले होते. तंदूर सकाळचा, तापलेला. चरबी तापल्या मातीवर सांडली आणि चरचरली.

माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

मी गिळलं. जोरानं बघितलं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

दोघांना पुरलं. सानोबरला किती कमी पुरलं.

पोस्टात जाऊन तार केली. येऊ नकोस. तीनच शब्द लिहिले होते, येऊ नकोस, तुर्दीअली. बाहेर आल्यावर आठवलं तिनं काय बजावलं होतं. परत धावलो. पोस्टाला कुलूप. पोस्टातली बाई कापसावर गेली, रविवारी येईल. सगळं गावच गेलं. ट्रक भरभरून गेले. कुदळी घेऊन परत येतील तेव्हा माझ्याकडे येतील, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही.

बसनं जाऊन तिला वाटेत अडवलं तर? बसमध्ये चाळीस माणसं. खिडक्या बंद.

नाही.

कापूर संपला. खाल्ला.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

जोरा एकटाच मागे राहिला आहे. आज आला. हातात ती साखळी, धुतलेली, आणि कुलूप. दारातच उभा राहिला, खिशात वस्तरा. म्हणाला, आका, माझा तुझ्यावर जीव आहे. मी बांधणार नाही. तूच घालून घे. मग आपल्या सवयीनं म्हणाला, आणि दाढी वाढलीय, पाहुणी येणार, असा गबाळा राहू नकोस.

मी रडलो. तोही रडला. दाढी करायला बसवलं त्यानं. मागून वाकला. त्याचं पोट माझ्या पाठीला. छाती माझ्या कानापाशी. मंद आचेवर. एकेक बुडबुडा. मी म्हणत होतो, जोरा, लांब हो, जोरा, लांब —

वाक्य पूर्ण नाही झालं.

वस्तरा माझ्या गालातून आरपार गेला. वारा आत येतो. पण त्यानं उशीर केला.

आधी त्याचा कान. मग

जोरा गप्प आहे. इतका बोलका माणूस.

२६, नंतर

तोंड धुतलं. पाट लाल.

साखळीचं एक टोक कढईच्या कानात, दुसरं डाव्या मनगटात. कुलूप लावलं. किल्ली पाटात फेकली. बुडताना ऐकली, वाहत गेली, गावाबाहेर गेली, तरी ऐकू येत होती. कढई चुलीत बसवलेली आहे. बैल जुंपले तरी हलणार नाही. उजवा हात मोकळा आहे, लिहिण्यापुरता.

अंगणाला आतून कडी लावायची राहिली. तिथपर्यंत साखळी पुरत नाही.

कानात कणकेचे बोळे घातले.

२७ सप्टेंबर, शनिवार

कणकेचे बोळे खाल्ले.

जोराकडे बघत नाही. साखळी तिथपर्यंत पुरत होती. आता बघण्यासारखं काही नाही.

भूक नाही. हे लिहून ठेवतो. पोट दगडासारखं, कातडी तडकेल. भूक अजिबात नाही. भूक पोटात नसते, मीच लिहिलंय मागे.

बस. फाट्यावर थांबली. एकच माणूस उतरलं. रबरी जोडे, डावा पाय किंचित ओढत. तीस वर्षं ऐकतोय ती चाल.

होसियत परत जा. होसियत, परत जा. ओरडतोय, पण गालातून हवा जाते, शब्द होत नाहीत.

—

दाराशी आहे. बोलतेय. अहो, कुठं लपवलीय तिला, बाहेर काढा, मलाही बघू दे कोण एवढी चवळीची शेंग. मग हसली. तिला खरं वाटत नाहीये. घाबरलीय, म्हणून हसते. म्हणतेय, तुमच्यासाठी भोपळ्याचे समोसे आणलेत, गरम आहेत अजून, छातीशी धरून आणले.

छातीशी. मंद

नाही. पूर्णविराम.

साखळी लोखंडाची आहे. कढई बिडाची आहे. मनगट —

डाव्या हाताचं आचाऱ्याला काय काम. झारा उजव्यात असतो.

नाही. नाही. लिहायचं. लिहीत राहायचं. माझी खूण. जोवर वाक्य पूर्ण होतं तोवर मी होसियतचा नवरा आहे.

कडी वाजवतेय. लोखंडावर लोखंड.

एक.

दार नुसतं लोटलेलं आहे, हे तिला अजून कळलेलं नाही.

दोन.

होसियत, मी तुर्दीअली, शुद्धीवर आहे, आणि तिसरी वाजली तरी हे वाक्य मी पूर्ण करूनच